मूळ भाषा कोणती?

खेड्यांतील आमच्या उपदेशक बंधूंस कधीं कधीं असा प्रश्न विचारण्यांत येतो कीं, "तुमचें शास्त्र मराठींत आहे, तें मूळ नव्हे. कोणी म्हणतात मूळ ग्रीक आहे. पण येशू तर अरामी भाषा बोलत होता. मग ग्रीक तरी मूळ कसें? तुम्ही वाचतां तें भाषांतराचें भाषांतर नव्हे काय?" हें ऐकून कित्येक साधे विश्वासी मनांत खचतात, आणि कित्येक उपदेशक प्रश्न हंसण्यावारी नेतात. आमच्या मतें दोन्ही गोष्टी बऱ्या नव्हेत. प्रश्न खरा आहे, आणि खऱ्या प्रश्नास खरेंच उत्तर दिलें पाहिजे.

प्रथम जें निश्चित आहे तें सांगूं. जुना करार बहुतेक सर्व इब्री भाषेंत आहे. मात्र दानीएल व एज्रा यांच्या पुस्तकांतील कांहीं भाग अरामी आहे. नव्या कराराच्या ज्या अतिप्राचीन प्रती सांपडल्या आहेत त्या ग्रीक आहेत. योहानकृत शुभवर्तमानाचा जो लहानसा तुकडा 1935 सालीं प्रसिद्ध झाला, आणि जो सामान्यतः दुसऱ्या शतकांतील मानितात, तोही ग्रीकच आहे. उलटपक्षीं, प्रभु गालीलांत वाढला, आणि तेथील लोकांची घरची भाषा अरामी होती. "इफ्फाथा", "अब्बा" असे शब्द मार्कानें जसेच्या तसे राखून ठेविले आहेत.

यावरून वाद उत्पन्न झाला. पपियस नांवाच्या प्राचीन अध्यक्षाची अशी साक्ष आहे कीं, मत्तयानें प्रभूचीं वचनें इब्री भाषेंत संग्रहित केलीं. पूर्वेकडील असुरी मंडळींत "पशित्ता" नांवाचें सुरियानी शास्त्र हेंच मूळ मानण्याचा प्रघात आहे. बर्नी यांनीं 1922 सालीं योहानाविषयीं, व टॉरी यांनीं 1933 सालीं चारही शुभवर्तमानांविषयीं, तीं अरामींतून आलीं असें प्रतिपादन केलें. हे विचार तुच्छ नव्हेत. तथापि बहुतेक विद्वानांस ते पटले नाहींत, आणि त्याचीं कारणें साध्या मनुष्यासही समजण्याजोगीं आहेत. मार्क अरामी शब्द देऊन लगेच त्याचा अर्थ सांगतो. वाचक अरामी जाणणारे असते तर अर्थ सांगण्याचें प्रयोजन काय? निकदेमाच्या संभाषणांतील एका ग्रीक शब्दाचे "पुन्हां" व "वरून" असे दोन अर्थ होतात, आणि त्या बिचाऱ्याचा सारा घोटाळा त्या एका शब्दावर उभा आहे. पशित्तेंत तर आरंभीं दुसरें पेत्र, दुसरें व तिसरें योहान, यहूदा व प्रकटीकरण हीं पांच पुस्तकें नव्हतींच. निदान त्या पांचांपुरतें तरी तिला मूळ म्हणतां येत नाहीं.

हा गुंता आमच्या जालना जिल्ह्यांतील मनुष्यास परका नाहीं. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. कचेरीची भाषा उर्दू, आणि रयतेची मराठी. तीर्थपुरीचा शेतकरी बांधाच्या तंट्यांत आपली हकीगत मराठींत सांगे, आणि कारकून ती उर्दूंत लिही. आजही जुना कागद निघाला म्हणजे उर्दू जाणणारा शोधावा लागतो. आतां त्या साक्षीची मूळ भाषा कोणती? ती बोलली गेली मराठींत, लिहिली गेली उर्दूंत. कागद मुळांत मराठी होता असें म्हणणें खोटें होईल. पण म्हणून साक्ष शेतकऱ्याची नव्हे, कारकुनाची, असें कोणी म्हणेल काय? खरा प्रश्न हा कीं, जें सांगितलें तेंच लिहिलें काय? कारकून लबाड असेल तर भाषा न बदलतांही साक्ष बिघडते. सचोटीचा असेल तर भाषा बदलूनही सत्य टिकतें.

मग मूळ भाषा शिकण्याची गरज काय, असें कोणी विचारील. गरज मोठी आहे. भाषांतरांत कांहीं सांडतेंच. निकदेमाचा तो एक शब्द मराठींत दोन्ही अर्थांसह आणितां येत नाहीं. म्हणून तंटा उठला म्हणजे मूळ कागद काढावा लागतो, आणि तो वाचणारा कोणी तरी असावा लागतो. पंडिता रमाबाईंनीं हें ओळखलें होतें. संस्कृतांत पारंगत असूनही त्यांनीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि अल्पशिक्षित बायकांसही समजावें अशा सोप्या मराठींत संपूर्ण शास्त्राचें भाषांतर केलें. 1922 सालीं त्या निवर्तल्या. त्यांचें बायबल 1924 सालीं केडगांवच्या ज्या छापखान्यांतून बाहेर पडलें, तेथें मुक्ति मिशनांतील स्त्रियाच खिळे जुळवीत. ज्यांस एके काळीं अक्षरओळख नव्हती त्यांच्याच हातून तें काम झालें. त्यांची विद्या मूळापर्यंत वर चढली ती स्वतःच्या मिरवणुकीसाठीं नव्हे, तर तेथील पाणी खालच्या शेतास मिळावें म्हणून.

ज्ञान एका भाषेंत कोंडून ठेवण्याचा मोह सर्व धर्मांतील पंडितांस होत आला आहे. गोदावरीच्या याच खोऱ्यांत, पैठणास, मराठींत लिहिल्याबद्दल एकनाथांस पंडितांचा रोष सोसावा लागला असें सांगतात. आम्हीं ख्रिस्ती लोकांनींही ग्रीक अगर अरामी यांस नवें सोवळें करूं नये. जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्री यांनीं वसविलेल्या गांवाचें नांव बेथेल. शब्द इब्री, अर्थ "देवाचें घर". इब्री न शिकलेल्या कुटुंबांनींही त्या गांवीं संसार केले व प्रार्थना केल्या. त्यांची प्रार्थना उणी होती असें कोण म्हणेल?

तेव्हां, प्रिय बंधूंनो, पुन्हां कोणी विचारलें तर निर्भयपणें सांगा: आमच्या हातीं आहे तें भाषांतर आहे, नव्या कराराचें लेखन ग्रीक आहे, प्रभूची बोली अरामी होती. यांत लपविण्याजोगें कांहीं नाहीं. मात्र एक गोष्ट स्वतःशीं विसरूं नका. रात्रीं दिव्याजवळ बसून, ज्यांस वाचतां येत नाहीं अशांस तुम्ही जेव्हां अध्याय समजावून सांगतां, तेव्हां तेंही एक भाषांतरच असतें, आणि पुष्कळांस तेवढेंच मिळतें. तेथें पदरचें कांहीं घालूं नका, अवघड वाटलें तें गाळूं नका. शेतकऱ्याची साक्ष कारकुनाच्या हातीं असते, तशी ही साक्ष तुमच्या हातीं आहे.