पूर्वव्यसन आणि रक्षकपद

तारुण्याच्या उंबरठ्यावर घडलेला दोष मनुष्याच्या पुढील सर्व आयुष्याची वाट अडवून धरण्यास समर्थ असावा काय? हा प्रश्न जुना आहे. तथापि जो तरुण एके काळी मादक द्रव्याच्या आहारी गेला होता, त्यातून सुटला आणि आज पोलीस दलात प्रवेश मागत आहे, त्याच्या बाबतीत हा प्रश्न विशेष बिकट होतो. कारण येथे एकट्या त्याच्या उद्धाराचा विचार करून भागत नाही. ज्यांच्या रक्षणाचा भार त्याच्यावर पडावयाचा, त्या समाजाच्या हिताचाही विचार करावा लागतो.

चंडीगढसारख्या नगरीत हा केवळ तर्काचा विषय नाही. १९६६ पासून हे शहर केंद्रशासित प्रदेश असून पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानी आहे, आणि त्याचे पोलीस दल स्वतंत्र आहे. शेजारच्या पंजाबात २०१५ साली झालेल्या पाहणीत अफूवर्गीय द्रव्यांच्या अधीन झालेल्यांची संख्या दोन लाख तीस हजारांहून अधिक असावी, असा अंदाज निघाला. जेथे व्यसनाचा फैलाव एवढा, तेथे भरतीच्या मैदानावर धावणाऱ्या तरुणांत असा भूतकाळ मागे टाकून आलेला कोणीच नसेल, असे मानणे भोळेपणाचे होईल.

या प्रश्नाला दोन उत्तरे चटकन दिली जातात. एक पक्ष म्हणतो, वाल्याचा वाल्मीकी होऊ शकतो; मग पश्चात्ताप झालेल्या तरुणास दार बंद का? दुसरा पक्ष म्हणतो, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या कोण देईल? दोन्ही बोलण्यांत सत्याचा अंश आहे, पण ती दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पहिले उत्तर मनुष्य क्षमेस पात्र आहे की नाही, याचे आहे. दुसरे तो एका विशिष्ट पदास पात्र आहे की नाही, याचे. क्षमा व्यक्तीला मिळते. अधिकार हा समाजाने विश्वासाने सोपविलेली ठेव आहे. वाल्मीकी ऋषी झाला, महाकवी झाला; परंतु ज्या वाटेवर तो वाटसरूंना लुटीत असे, त्याच वाटेचा तो पहारेकरी नेमला गेला, असे कथा सांगत नाही. येथून विचारास प्रारंभ केला पाहिजे.

प्रथम दोषाचे स्वरूप पाहू. जे सुख आरंभी अमृतासारखे व परिणामी विषासारखे, त्यास गीतेच्या अठराव्या अध्यायात राजस म्हटले आहे. मादक द्रव्याच्या सुखाचे याहून अचूक वर्णन करणे कठीण. तथापि मित्रांच्या आग्रहाने एकदा चव घेणारा, वर्षानुवर्षे त्याच्या अधीन राहिलेला आणि दुसऱ्यास ते विकून धन मिळविणारा, या तिघांना एकाच मापाने मोजणे न्यायाचे नाही. पहिल्याचा अविवेक, दुसऱ्याची व्याधी आणि तिसऱ्याचे पाप, असा हा भेद आहे. वैद्यकशास्त्र आज व्यसनाधीनतेला रोग मानते व तिच्यावर उपचार करते. आपला कायदाही येथे पूर्ण निष्ठुर नाही. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ हा सेवन करणाऱ्यासही शिक्षा सांगतो. पण त्याच्याच ६४-अ या कलमान्वये, केवळ सेवनाचा वा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी मनुष्य स्वेच्छेने सरकारी अथवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेईल, तर त्यास खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडला, तर ते संरक्षण काढून घेता येते. परतण्याचे दार उघडे आहे, परंतु ते स्वतःच्या पायांनी ओलांडावे लागते आणि वाट शेवटपर्यंत चालावी लागते. हे तत्त्व मोठे मोलाचे आहे.

आता पदाचे स्वरूप पाहू. पोलिसाच्या हाती शस्त्र असते, दुसऱ्याचे स्वातंत्र्य हिरावून घेण्याचा अधिकार असतो. जप्त केलेले मादक द्रव्य त्याच्याच हातांतून मुद्देमालात जमा होते. ज्याने मोठ्या कष्टाने एका विषाकडे पाठ फिरविली, त्याला त्याच विषाच्या सान्निध्यात रात्रपाळीस उभे करावयाचे, हा विचार कोणाही हितचिंतकास अस्वस्थ करील. रक्षकाच्या चारित्र्याची कसोटी इतरांहून कडक असावी, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही वेळोवेळी सांगितले आहे. खुद्द चंडीगढच्या शिपाई भरतीचे एक प्रकरण जानेवारी २०१८ मध्ये त्या न्यायालयाने निकालात काढले. त्यातील आरोप मादक द्रव्यांचे नव्हते, आणि उमेदवार फौजदारी खटल्यांतून सुटले होते. तरीही छाननी समितीने त्यांना अयोग्य ठरविले. प्रशासकीय न्यायाधिकरण व उच्च न्यायालय यांनी उमेदवारांच्या बाजूने निर्णय दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. खटल्यातून सुटणे म्हणजे पोलीस दलास योग्य ठरणे नव्हे, हा त्याचा मथितार्थ होय.

मग पूर्वी व्यसनी असलेल्याने या पदाची आशाच सोडावी काय? आमच्या मते तसे नाही. मात्र निर्णयाची खीळ एका वेगळ्याच ठिकाणी आहे. नियुक्तीपूर्वी उमेदवाराच्या हाती एक छापील नमुना येतो आणि त्यात त्याच्या पूर्वायुष्याविषयी प्रश्न असतात. त्या कागदावर तो काय लिहितो, येथे त्याची खरी परीक्षा होते. भूतकाळातील दोष ही घडून गेलेली गोष्ट आहे. परंतु त्या कागदावरील असत्य हे आजचे, शुद्धीवर असताना, विचारपूर्वक केलेले कर्म आहे.

सत्याचा एवढा आग्रह का? पोलिसाचे सारे भांडवल म्हणजे त्याचा शब्द. त्याने केलेला पंचनामा आणि त्याने दिलेली साक्ष यांच्या आधारे न्यायालय कोणास तुरुंगात पाठविते, कोणास सोडते. ज्याच्या सेवेचा पहिला कागदच खोटा, त्याच्या पुढील कागदांवर विश्वास कसा ठेवावा? शिवाय लपविलेला दोष म्हणजे दुसऱ्याच्या हाती दिलेली दोरी. जुना विक्रेता अथवा जुना सोबती ते रहस्य जाणत असतो. आणि तो शिपाई गणवेशात त्याच्या दारी चौकशीस येईल त्या दिवशी तो दोरी ओढल्यावाचून राहणार नाही. उलट ज्याने सर्व सांगून टाकले, त्यास भय दाखविण्याचे साधनच कोणापाशी उरत नाही. सत्य येथे केवळ पुण्यप्रद नसून प्रत्यक्ष संरक्षक आहे.

न्यायालयांनीही या भेदाचा विचार केला आहे. २०११ साली दिल्ली पोलिसांच्या एका प्रकरणात, उमेदवाराने पूर्वीचा खटला लपविला असूनही, तारुण्यातील किरकोळ अविवेकाकडे उदारतेने पाहावे असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, आणि भाकरी चोरणाऱ्या ज्याँ वाल्ज्याँचे, व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतील नायकाचे, स्मरण केले. पुढे २०१६ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सविस्तर नियम घालून दिले. माहिती खरी दिली पाहिजे. जे विचारलेच नाही, ते न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. क्षुल्लक गोष्ट लपविली असल्यास अधिकारी ती माफ करू शकतात. आणि सत्य सांगितले म्हणून नेमणूक करण्यास ते बांधील मात्र नाहीत.

हे शेवटचे वाक्य कठोर आहे आणि ते ऐकून तरुण विचारील: ‘खरे बोलून मी बाहेर राहावे आणि खोटे बोलणाऱ्याने आत जावे, हा कोणता धर्म?’ ही शंका टाळण्याजोगी नाही. येथे भार शासनकर्त्यांवर येतो. प्रामाणिक कबुली देणाऱ्यास न ऐकताच जी व्यवस्था दूर सारते, ती नकळत असत्यवाद्यांचीच निवड करते. म्हणून दोष किती गंभीर होता, त्या वेळी वय काय होते, उपचार पूर्ण झाला काय, त्यानंतर किती वर्षे निर्व्यसनी गेली, हे प्रत्येकाच्या बाबतीत पृथक् पाहिले पाहिजे. जुलै २०१८ मध्ये पंजाब शासनाने पोलिसांसह सर्व सरकारी नोकरांची भरतीपासूनच मादक द्रव्यांसाठी तपासणी करण्याचा आदेश दिला. असे उपाय योग्यच. पण त्यांची मर्यादा ओळखावी. मूत्राच्या परीक्षेत अफूवर्गीय द्रव्याचा अंश काही दिवसच सापडतो, गांजाचा त्याहून अधिक काळ. ती परीक्षा गेल्या आठवड्याचे शरीर सांगते. दहा वर्षांपूर्वीचा दोष किंवा उद्याचा निश्चय तिला कळत नाही. त्यासाठी माणसाला समोर बसवून त्याचे ऐकावे लागते.

उमेदवारानेही स्वतःस काही प्रश्न विचारावेत. मी गणवेश कशासाठी मागतो आहे, सेवेसाठी की मागील कलंक झाकण्यासाठी? जप्त केलेल्या पुडीशेजारी रात्र काढण्याइतका माझा निग्रह मुरला आहे काय? आणि उद्या माझ्यापुढे एखादा थरथरता व्यसनी मुलगा आणला गेला, तर मी त्यास तुच्छतेने लाथाडीन, की पूर्वस्मृतीने ढिला पडून कर्तव्य सोडीन, की दयेने व दक्षतेने दोन्ही बाजू सांभाळीन? या शेवटच्या प्रश्नाचे ज्याचे उत्तर खरे आहे, त्याचे दुःखही समाजाच्या कामी येईल. व्यसनाची वाट जो चालून आला, त्यास त्या वाटेवरील खाचखळगे इतरांहून अधिक ठाऊक असतात.

अत्यंत दुराचारी मनुष्यानेही निश्चय योग्य केला, तर त्यास साधूच मानावे, असे नवव्या अध्यायात भगवंतांनी आश्वासन दिले आहे. त्या आश्वासनाला शिपायाच्या नेमणूकपत्राची अट नाही. म्हणून ज्याने सत्य सांगितले आणि तरीही ज्यास नकार मिळाला, त्याने आपला उद्धार हुकला असे मानू नये. व्यसनमुक्तीच्या कामास, शेतास, कारखान्यास, शाळेस सत्यनिष्ठ माणसे हवीच आहेत. आणि ज्यास होकार मिळाला, त्याने जाणावे की त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांनी धोका पत्करला आहे. तो विश्वास प्रत्येक दिवशी, प्रत्येक पंचनाम्यात, नव्याने फेडावयाचा आहे.