शिकार हाताशी येते तेव्हा

समजा, आपला मुलगा अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात नोकरीस आहे. शरद ऋतूत त्याचे सहकारी रॉकी पर्वतात एल्क हे महाकाय हरीण आणि म्यूल हरीण यांच्या शिकारीस जातात. एके रात्री तो फोनवर विचारतो, "अब्बा, यंदा मीही जाऊ का?" आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार बंद आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आपल्या अनुभवात सापडत नाही. ते दीनच्या शिकवणीतच शोधावे लागते.

इस्लामने अन्नासाठी शिकार हलाल ठरविली आहे. सूरह माइदामध्ये तिचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु हलाल असणे म्हणजे खेळ असणे नव्हे. सजीवाला नेमबाजीचे लक्ष्य बनविण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे. चिमणीएवढा जीवही हक्काविना मारला तर त्याचा जाब द्यावा लागेल, अशी हदीस आहे. तो हक्क म्हणजे जबह करून खाणे. म्हणून पहिली तयारी बंदुकीची नाही, नीयतची आहे. त्याने स्वतःला विचारावे: छायाचित्र काढता येणार नसेल आणि शिंगे घरी आणता येणार नसतील, तरीही मी जाईन का?

दुसरी तयारी हिशेबाची आहे. प्रौढ नर एल्क तीनशे किलोंहून अधिक वजनाचा असतो. त्याला अखंड उचलून आणणे अशक्य असते. जागेवरच कातडे सोलून, मांसाचे भाग करून, ते लवकर थंड करून पाठीवरून अनेक खेपांत उतरवावे लागते. रस्त्यापासून आठ किलोमीटर दूरच्या दरीत एकट्याने एल्क पाडणारा बहुधा मांस सडताना पाहील. खाण्याजोगे मांस वाया घालविणे तेथील कायद्याने गुन्हा आहे आणि आपल्या दीनमध्ये इसराफ आहे. म्हणून नकाशावर मर्यादा आखताना 'मी किती दूर चालू शकतो' हे पाहू नये, 'किती दुरून मांस आणू शकतो' हे पाहावे. परवाना, ठरलेला हंगाम, शिकारीचे सक्तीचे प्रशिक्षण या अटीही मनापासून पाळाव्यात. सूरह माइदाच्या ज्या पहिल्याच आयतीत शिकारीचा उल्लेख येतो, तिचा आरंभ करार पाळण्याच्या आदेशाने होतो.

तिसरी गोष्ट शस्त्राची. हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांनी विचारले असता प्रेषितांनी (स.) सांगितले की, टोकाने भेदून मारलेले खावे, आडव्या माराने मेलेले खाऊ नये. यावरून बंदुकीच्या गोळीबाबत मतभेद झाला. गोळीने मेलेला प्राणी जबह होण्यापूर्वीच मेला तर तो हलाल नाही, असे भारतातील अनेक हनफी उलेमा मानतात. यमनचे इमाम शौकानी यांच्यासारख्या विद्वानांनी गोळी शरीर भेदते म्हणून अनुमती दिली. हा प्रश्न एल्क पाडल्यावर विचारण्याचा नाही. घरून निघण्यापूर्वीच आपल्या आलिमांना विचारावे. अल्लाहचे नाव घेऊनच शस्त्र चालवावे आणि प्राणी जिवंत सापडल्यास विलंब न लावता जबह करावे.

प्रत्येक कामात एहसान, म्हणजे ते उत्तम रीतीने करणे, अल्लाहने अनिवार्य केले आहे. जबह करतानाही सुरी धारदार असावी आणि प्राण्याला क्लेश कमी व्हावेत, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. शिकाऱ्याची सुरी म्हणजे त्याचा सराव. ज्या अंतरावर नेम निश्चित नाही, त्या अंतरावरून मारणे हा जुलूम आहे. प्राणी जखमी होऊन पळाला तर थकवा, अंधार, थंडी या सबबी सांगून परतू नये. त्याचा माग काढणे हे आता त्याचे कर्ज आहे. तरीही तो पाण्यात मेलेला सापडला तर खाऊ नये, कारण त्याला शस्त्राने मारले की पाण्याने, हे कळत नाही. शंका असेल तेथे भूक मागे ठेवावी.

वाचकहो, इहरामच्या अवस्थेत शिकार हातांच्या आणि भाल्यांच्या टप्प्यात आणून अल्लाह श्रद्धावंतांची परीक्षा घेतो, असे कुरआन सांगते. न पाहता त्याचे भय कोण बाळगतो, हे तेथे उघड होते. कोलोरॅडोच्या डोंगरात इहराम नसतो, पण परीक्षा असते. संध्याकाळ होत आली आहे, परवान्याचा शेवटचा दिवस आहे, समोर एल्क उभा आहे, परंतु अंतर अधिक आहे. पाहणारा कोणीही नाही. अशा वेळी जो शस्त्र खाली करू शकतो, त्यालाच आपण निश्चिंतपणे 'जा, बेटा' म्हणावे. तो रिकाम्या हाताने परतला तरी त्याचा प्रवास वाया गेलेला नसेल.