भिंतीवरचा माणूस

बाईचं कर्तृत्व सांगायला निघालेला चित्रपट बघता बघता तिच्यावर अन्याय करणाऱ्या पुरुषाचा होऊन जातो. बिआट्रिस मिंगर आणि क्रिस्टोफ शाउब यांचा रचनाकार आयलीन ग्रेवरचा ‘ई.१०२७’ (२०२४) पाहताना ही धास्ती मनातून गेली नाही. चित्रपट संयमाने केलेला आहे, आणि म्हणून तर जास्तच.

आयर्लंडमध्ये १८७८ साली जन्मलेली ग्रे पॅरिसला आली आणि सुगावारा नावाच्या जपानी कारागिराकडे लाखकाम शिकली. थरावर थर, प्रत्येक थर दमट खोलीत सावकाश वाळवायचा, मग घासायचा, मग पुन्हा पुढचा. त्या लाखेने तिच्या हातांवर पुरळ उठायचं, तरी काम चालूच. १९२२ मध्ये तिने दुकान काढलं, त्यावर पाटी लावली ‘झाँ देझेर’. असा कुणी गृहस्थ अस्तित्वातच नव्हता. मालक पुरुष आहे असं वाटलं की गिऱ्हाईक बिचकत नाही, असा हिशेब असावा.

मग पन्नाशीच्या उंबरठ्यावर, वास्तुकलेचं रीतसर शिक्षण नसताना, तिने १९२६ ते १९२९ या काळात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रून इथे घर बांधलं. त्याचं नावच ई.१०२७. ई आयलीनचा, रोमन लिपीतलं दहावं अक्षर झाँचं, दुसरं बादोविचीचं, सातवं ग्रेचं. झाँ बादोविची हा तिचा सखा, वास्तुकलेच्या मासिकाचा संपादक. नावात तिने त्याला आपल्या दोन अक्षरांच्या कुशीत घेतलं. कागदोपत्री मात्र घर त्याचंच होतं. काही वर्षांनी ती तिथून निघून गेली.

पुढचा भाग सगळ्यांना ठाऊक असतो. १९३८-३९ मध्ये वास्तुकार ल कॉर्बुझिए, म्हणजे आपल्याला चंडीगडमुळे माहीत असलेला तोच, तिथे पाहुणा म्हणून उतरला आणि ग्रेला न विचारता त्याने तिच्या भिंतींवर मोठमोठी चित्रं रंगवली. नागडा उभा राहून रंगवतानाचा त्याचा फोटोही आहे. ग्रेच्या लेखी हा विध्वंस होता.

आता सांगा, असा फोटो हाताशी असताना कोणता दिग्दर्शक मोह आवरेल? भिंतीवरच्या चित्रात नाट्य आयतं आहे: आगंतुक, उद्दामपणा, जखम. आपणही तिच्या बाजूने चिडतो, आणि चिडण्याच्या भरात पुन्हा त्याच्याकडेच पाहत बसतो. १९३९ नंतर त्या घराकडे बघणाऱ्या प्रत्येकाचं हेच झालं आहे. शेजारी कॉर्बुझिएने बांधलेली छोटी लाकडी खोली आणि चंडीगडचं कॅपिटॉल संकुल २०१६ मध्ये एकाच नोंदीत जागतिक वारसा ठरले. खोलीपासून काही पावलांवरचं ग्रेचं घर त्या नोंदीत नाही. कॉर्बुझिएच्या कामांचीच नोंद ती, तेव्हा नियमाने ठीकच. पण नकाशा बघताना हसू येतं.

माझी तक्रार चित्रपटाने अन्याय दाखवला ही नाही. तो दाखवायलाच हवा. पण रचनाकार म्हणजे काय, हे अन्यायातून कळत नाही. पुरुषांनी कुणाचं काम दडपलं एवढंच कळतं. दडपलेलं ते काम कसलं होतं, ते बाहेरच राहतं. ग्रेच्या घरात कपाटांवर आत काय ठेवायचं ते लिहिलेलं होतं: टोप्या, उशा. दारापाशी ‘सावकाश आत या’ अशी सूचना. ही थट्टा आहे, शिस्त आहे, आणि घरात वावरणाऱ्या माणसाचा बारीक विचारही आहे. यंत्रासारखं घर मागणाऱ्या त्या काळात ग्रे विचारत होती, उशी कुठे ठेवायची?

आणि ग्रेचं ते टेबल. वर गोल काच, खाली नळीची चौकट, पाया एका बाजूने उघडा, म्हणजे पलंगाखाली सरकतो आणि काच थेट अंथरुणावर येते. न्याहारी पडल्यापडल्या. उंची कमी-जास्त करायला मागच्या दांड्यात भोकं आणि एक खिटी. खिटी काढायची, काच वर-खाली करायची, खिटी पुन्हा खोचायची. अंथरुणात ती हरवू नये म्हणून तिला एक बारीक साखळी लावलेली. त्या साखळीवर कॅमेरा मिनिटभर थांबला असता, तर मला तो नागडा माणूस आठवलाही नसता.