आजाऱ्याची सेवा आणि पाचवे शील

घरात असाध्य कर्करोगाचा आजारी आहे. डॉक्टर म्हणाले, आता इलाज नाही, घरी न्या. अशा वेळी कोणी म्हणते, "मागच्या जन्मीचे भोग." कोणी विचारते, "अफूपासून केलेले मॉर्फिन दिले तर पाचवे शील मोडत नाही काय?" उपासक-उपासिकांनी दोन्ही गोष्टी तपासून पाहिल्या पाहिजेत.

पूर्वजन्मीच्या कर्माचा वारसा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथात नाकारला. तो मानला, तर आजारीच दोषी ठरतो आणि सेवेचा हात आखडतो. विनयपिटकात कथा आहे. अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले, उचलून मंचकावर निजविले. त्यांनी पूर्वजन्म विचारला नाही; तुझी सेवा कोणी का करीत नाही, हे विचारले.

पाचवे शील प्रमादाला कारण होणाऱ्या नशेविरुद्ध आहे. वेदना शमविण्यासाठी डॉक्टरांनी ठरविलेल्या मात्रेत, ठरल्या वेळी दिलेले औषध म्हणजे प्रमाद नव्हे. औषध मिळत असून माणसाला तळमळू देणे, हाच प्रमाद होय.

पण एकटी सून किती रात्री जागणार? दर दोन तासांनी कूस बदलायची, ओठ ओले करायचे, अंथरूण धुवायचे. केरळात १९९३ साली कोझिकोडला सुरू झालेल्या कार्यातून पुढे शेजारीपाजारी स्वयंसेवक होऊन घरोघर जाऊ लागले. आपल्या विहारात वंदनेला पन्नास जण जमतात. त्यांतील दोघे आळीपाळीने त्या घरी रात्री बसले, तर ती सून झोपेल. करुणा म्हणतात ती हीच.