झिजलेला स्क्रू

अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या एआर-15 रायफलची मूठ एकाच स्क्रूवर टिकून असते. मुठीच्या पोकळीतून वर, ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात तो शिरतो. पोलादी स्क्रू, मऊ धातूतले आटे. त्यात घाम, ओल, कधी आटे जखडायला मुद्दाम लावलेलं थ्रेडलॉकर, आणि मग तो जागचा हलत नाही. आपण चिडून जोर लावतो. खाच झिजते, पकड सुटते, आणि सोपं काम अवघड होऊन बसतं.

जाणता कारागीर आधी बंदूक रिकामी आहे ना हे पाहतो. पुन्हा पाहतो. खाचेतला मळ काढतो, मुरणारं तेल सोडतो आणि थांबतो. या थांबण्याचं मला फार मोल वाटतं. हात रिकामे असले तरी काम चालूच असतं, तेल आट्यांत उतरत असतं. लाल थ्रेडलॉकर असेल तर त्याला सुमारे 250 अंश सेल्सिअस उष्णता लागते. एवढ्या उष्णतेत प्लॅस्टिकची मूठ वितळेल, म्हणून तापलेली सोल्डरिंग आयर्न फक्त स्क्रूच्या माथ्यालाच टेकवायची. मग खाचेत घट्ट बसणारं टोक घेऊन, दाब देत, आधी किंचित आवळायचा आणि मगच सोडवायचा. तरीही हटला नाही, तर उलट्या फिरणाऱ्या ड्रिलने काढायचा.

मूठ निघताना सेफ्टीच्या खटक्याची बारीक स्प्रिंग उडून हरवू शकते. म्हणून रायफल उलटी ठेवून मूठ सावकाश वर उचलावी. परत बसवताना स्क्रू मात्र नवाच घ्यावा.