बहात्तरच्या दुष्काळातलं शरीर

लठ्ठ माणसाला “तोंडावर ताबा ठेवा” असं कुणीही सांगतं. मला हा सल्ला अन्यायाचा वाटतो, आणि त्याचं कारण एका उंदरात आहे.

१९४९ साली अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांची काही पिल्लं बेसुमार फुगू लागली. वजन साध्या उंदराच्या जवळपास तिप्पट. शास्त्रज्ञ जेफ्री फ्रीडमन यांनी १९९४ मध्ये त्यामागचं जनुक हुडकलं. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात आणि अंगात साठा किती आहे, हे मेंदूला त्यावरून कळतं. या उंदरांच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं होतं, त्यामुळे कामाचं लेप्टिन तयारच होत नव्हतं.

हे उंदीर खादाड होते, एवढंच आपण लक्षात ठेवतो. पण त्यांचं अंग गार असे, ते फारसे हिंडत नसत, त्यांना पिल्लं होत नसत. ही लक्षणं उपाशी जनावराची आहेत. अन्न मिळेनासं झालं की शरीर ऊब, हालचाल, संतती या खर्चांना आधी कात्री लावतं. चरबीनं गच्च भरलेल्या त्या उंदराचा मेंदू भर दुष्काळात जगत होता.

जालन्यात बसून हे वाचताना महाराष्ट्रातला १९७२ सालचा दुष्काळ आठवणारच. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया, सुकडी, मिलो ज्वारीच्या लालसर भाकरी. त्या बायांपैकी कितीतरी जणी पोटुशी होत्या. पोटात असतानाच उपासमार सोसलेली त्यांची मुलं आज पन्नाशीत आहेत.

लेप्टिनचा तसा दोष माणसांत अगदी विरळा. आपल्याकडच्या सुटलेल्या पोटांचं खापर त्यावर फोडता येणार नाही. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं की आपल्या खेड्यांतली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाला कितीतरी कमी भरतात, तरी चरबी राखून असतात. २०१५ साली संशोधक आनंदवर्धन हर्डीकर, याज्ञिक आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. पन्नास पिढ्या अर्धपोटी वाढलेल्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या जातीच्या उंदरांना (रॅट) पुढे दोन पिढ्या पोटभर खाऊ घातलं, तरी लठ्ठपणाकडचा आणि मधुमेहाकडचा कल गेला नाही.

म्हणून पथ्य सोडा, असं मी म्हणत नाही. पण जालन्यातल्या मंठा-भोकरदनकडच्या माणसाची साखर तपासताना त्याच्या जन्माच्या वेळचं वजनही विचारायला हवं. ते सांगता येणारे थोडेच निघतील. बहात्तर साली घरात, नाहीतर कामाच्या जागी झालेल्या बाळंतपणात बाळाचं वजन कोण करणार होतं?