काट्याने काटा

काट्याने काटा काढावा, असे आपण सहज म्हणून जातो; पण तो दुसरा काटा हाती धरायचा कोणी, हे म्हणीत सांगितलेले नसते. अफू, गर्द किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या विळख्यात सापडलेला मनुष्य दवाखान्याची पायरी चढतो, तेव्हा डॉक्टरापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

ब्युप्रेनॉर्फिन नावाची एक गोळी आहे. जिभेखाली धरली की ती मेंदूतल्या अफूच्याच जागा अडवून बसते. तळमळ थांबते, धुंदी मात्र फारशी चढत नाही. अशा औषधांवर टिकून राहिलेल्यांत मृत्यू निम्म्याच्या आसपास उतरतात, असा अनेक देशांचा अनुभव आहे. तरीही ती लिहून देताना डॉक्टराचा हात अडखळतो.

‘एक व्यसन सोडवून दुसरे लावायचे, एवढेच ना?’ न्यूयॉर्कच्या डोल आणि नायस्वांडर या डॉक्टरांनी १९६५ साली मेथाडोनचा असाच उपाय मांडला, त्यालाही हेच ऐकावे लागले. आक्षेप मोठा सात्त्विक वाटतो खरा! पण व्यसन म्हणजे रोज गोळी घेणे नव्हे. गोळीपायी घर, मजुरी आणि दिलेला शब्द यांवर पाणी सोडणे, हे व्यसन. सकाळी औषध घेऊन जो वेळेवर कामाला जातो, त्याला व्यसनी कोणत्या तोंडाने म्हणावे? एके काळी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्यांना बाळगोळी देत, आणि त्या गोळीत अफू असे. त्या आयांना कोणी व्यसनी म्हटले नाही. अफूपेक्षा ती घेणारा कोण, हेच आपण अधिक पाहतो.

डॉक्टराची भीती अगदीच निराधार नाही. ब्युप्रेनॉर्फिनची इंजेक्शने नशेसाठी टोचून घेणारे आपल्याच देशात आढळले आहेत. शिवाय १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचा धाक असा, की कर्करोगाच्या रुग्णालाही मॉर्फिन मिळेनासे झाले. ती वाट सुकर करायला २०१४ ची दुरुस्ती यावी लागली. पण कायदा सैल झाला म्हणून मन सैल होतेच असे नाही. अमेरिकेत ब्युप्रेनॉर्फिनसाठी लागणारी खास परवानगी २०२२ च्या अखेरीस रद्द झाली, तरी ते लिहून देणाऱ्यांची रीघ काही लागली नाही.

मला वाटते, आड येते ती आपली प्रायश्चित्ताची कल्पना. बरा होणाऱ्याने आधी पुरते सोसले पाहिजे, असे आपल्याला मनातून वाटते. डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले, तेव्हापासून व्यसनी हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, हे महाराष्ट्र ऐकत आला आहे. पण रुग्ण म्हटल्यावर औषधही आले, हा पुढचा धडा आपण टाळतो. आणि नुसत्या निश्चयाच्या बळावर अफू सोडलेल्याची सहनशक्ती उतरलेली असते. पुन्हा मोह झाला आणि पूर्वीचीच मात्रा घेतली, तर ती प्राण घेऊ शकते. सोसायला लावण्याची ही किंमत डॉक्टर भरत नाही.

आता लोहाऱ्यासारख्या गावचा विचार करा. कोण कोणत्या दवाखान्यात शिरला, हे बाजारपेठेत तासाभरात कळते. ‘गर्दुल्ल्यांचा डॉक्टर’ असे नाव पडले, तर बाळंतिणी येतील का, ही धास्ती खोटी कशी म्हणावी? म्हणून तो सोपा मार्ग धरतो : धाराशिवला किंवा सोलापूरला जा, असे सांगतो. चिठ्ठी हाती पडते. जाण्यायेण्यात दिवसाची मजुरी बुडणार, बसचे भाडे वेगळे. आणि अंगातली तळमळ तर संध्याकाळपर्यंतही थांबायला तयार नसते.